आखाड्यावर राहणार कोण?

मंडळी, हिंगोलीत बसून अमेरिकेतल्या रँचवरच्या प्रेमकथेबद्दल बोलायचं म्हणजे आधी शब्दाची अडचण येते. रँच म्हणजे शेकडो-हजारो एकरांचं रान, त्यात गुरं, घोडे आणि मालकाचं घर. एवढं रान आपल्याकडे कुणाचं नाही, पण शब्द आहे: आखाडा. गावाबाहेर शेतात गुरं, कडबा, सालगडी, सगळं एका जागी. आखाडा बाळापूर तर आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा निकोलस इव्हान्सची 'द हॉर्स व्हिस्परर' आज आपण आखाड्यावरून वाचू.

कादंबरी १९९५ ची, लेखक इंग्रज, आणि ही त्याची पहिलीच. ॲनी न्यूयॉर्कमध्ये एका मासिकाची संपादक. तिची मुलगी ग्रेस घोड्यावरून जाताना अपघात होतो, ग्रेसचा पाय जातो, पिलग्रिम हा घोडा बिथरतो. नवऱ्याला मागे ठेवून ॲनी मुलगी आणि घोडा घेऊन मोंटानात टॉम बुकरच्या रँचवर येते. घोडा सुधारतो, मुलगी सावरते, आणि ॲनी-टॉम प्रेमात पडतात.

घोड्याचा भाग आम्हाला फार आवडतो. ज्यानं बुजरं खोंड शिकवलंय त्याला तो लगेच पटेल. टॉम जनावराला मोडत नाही, वेळ देतो.

गोची आहे ती प्रेमाच्या भागात. टॉमचं आधी एक लग्न झालेलं असतं. बायको रेचल, चेलो वाजवणारी, शहरातली. प्रेम होतं, तरी रँचवर तिचा जीव रमला नाही आणि ती निघून गेली. म्हणजे शहरातली बाई इथे राहील का, हा प्रश्न लेखकाला पक्का माहीत आहे. पण ॲनीच्या बाबतीत तो विचारायची वेळ आली की इव्हान्स टॉमला रानघोड्याच्या टापांखाली मारून टाकतो! आमच्या मते ही पळवाट आहे. १९९८ च्या चित्रपटात रॉबर्ट रेडफर्डनं टॉमला जिवंत ठेवलं आणि ॲनीला परत पाठवलं. ते जास्त प्रामाणिक, कारण निदान निर्णय तिचा आहे. पण ॲनी त्या घरात नांदतेय, हे दोन्हीकडे दिसत नाही. तिथे रोजचा संसार करते ती टॉमची भावजय डायॅन, आणि तिच्याकडे कुणी नायिका म्हणून बघत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कादंबरीतला राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणारे तरुण नवरदेवाच्या वेषात, काही तर घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची कडक अंमलबजावणी करा, ही त्यांची मागणी होती. ती रास्तच. पण ज्या मुली जन्मल्या, वाढल्या, शिकल्या, त्याही शेतकरी नवरा नको म्हणतात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. आईचं आयुष्य त्यांनी बघितलेलं असतं. रेचलही राहून बघूनच गेली होती.

आणि टॉमच्या जागी सालगडी असता तर? आनंद यादवांचा 'गोतावळा' (१९७१) आठवा. नारबालाही जनावरं कळतात, तीच त्याचे सगेसोयरे. पण टॉम भावासोबत स्वतःच्या रानात राहतो, लांबून लोक त्याला शोधत येतात. नारबाच्या मालकाकडे ट्रॅक्टर येतो, जनावरं जातात आणि नारबाच्या कसबाला गिऱ्हाईक उरत नाही. त्याला शोधत कोणती ॲनी येणार? टॉमचं अबोलपण आपल्याला मोहक वाटतं, कारण त्याला कुणाला जाब द्यायचा नसतो. नारबाच्या गप्प राहण्याला मालकाचा धाक आहे.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, मग हे पुस्तक वाचू नये का? वाचा की! घोड्याची पानं सावकाश वाचा. फक्त रेचलची हकीकत आली की पानं भराभर उलटू नका.