शस्त्रक्रियेचा झगा : रक्त अडावे, वाफ जावी

उन्हाळ्यात सुती कपडे वापरावेत, हे वाक्य आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ते खोटे नाही. पण शस्त्रक्रियागृहाच्या दारात ते अपुरे पडते. सूत घाम शोषते, तसेच रक्तही शोषते. बेक आणि कोलेट या अमेरिकी संशोधकांनी १९५२ सालीच दाखवून दिले, की ओला झालेला सुती झगा जंतूंना अडवत नाही. धाग्यांमधून केशाकर्षणाने द्रव पसरतो आणि त्याच्याबरोबर जंतूही पलीकडे पोचतात. हा धोका डॉक्टर-परिचारिकांना आहे, तसाच रुग्णाच्या उघड्या जखमेलाही आहे.

मग प्लॅस्टिक का नको? कारण ते वाफही अडवते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. घाम वाळलाच नाही, तर शरीर निवणार कसे? २०२० साली कोविडच्या साथीत अंगभर बंद पोशाख घालून काम करणाऱ्यांनी हा धडा सोसून शिकला.

पॉलिप्रॉपिलीनच्या तीन थरांचे न विणलेले कापड मधला मार्ग काढते. त्याचे तंतू पाण्याने भिजत नाहीत, म्हणून रक्ताचा थेंब वर थबकतो. वाफेचे सुटे रेणू मात्र फटींतून निघून जातात. दाब वाढला, की थेंबही आत शिरतो.

आमचा आक्षेप मोजमापांवर आहे. अमेरिकी ‘पीबी ७०’ मानकाच्या चार पातळ्या फक्त द्रव किती अडतो एवढेच सांगतात. युरोपच्या ‘ईएन १३७९५’ मध्ये सोयीचा विचार येतो, पण केवळ माहितीपर परिशिष्टात. त्याला बंधनकारक मर्यादा नाही. थंड दालनात हे खपून जाईल. जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे वातानुकूलन बंद पडले, तर घामाघूम झालेला माणूस गळ्याशी झगा सैल करणारच. तेव्हा उत्तम पातळीचे कापडही निरुपयोगी ठरते. सोय ही चैन नव्हे, संरक्षणाचाच भाग आहे. म्हणून झगे खरेदी करताना दोन आकडे मागावेत : द्रव किती दाबापर्यंत अडतो आणि एका चौरस मीटरमधून २४ तासांत किती ग्रॅम वाफ जाते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. गरम पाण्याच्या तीन पेल्यांवर सुती कापड, प्लॅस्टिकची पिशवी आणि न विणलेल्या कापडाचा मास्क ताणून बांधा. वर थंड आरसा धरा. मग तिन्हींवर लाल शाईचा एकेक थेंब टाका. कोणते कापड कोणत्या परीक्षेत नापास झाले, हे मुलांनाच ठरवू द्या.