ण बाणाचा, ळ बाळाचा

टेलिफोनवरून एखादे अनोळखी नाव सांगायचे झाले की आपण त्याची अक्षरे सुटी करतो. "एन फॉर नागपूर, एम फॉर मुंबई" असे म्हणतो. समोरचा मराठीत लिहून घेत असेल तर "ठाण्याचा ठ, गणपतीचा ग" असे सांगतो. ही सवय कोणी शिकवलेली नसते. ती गरजेतून लागते. विमानचालक, जहाजावरचे अधिकारी, सैन्यातील संदेशक आणि हौशी रेडिओचालक यांच्याकडे मात्र या कामासाठी एक ठरलेली यादी असते. आल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशी ती सुरू होते आणि यँकी, झुलू अशी संपते. भारतात नोंदलेल्या विमानांची ओळख व्ही-टी या अक्षरांनी सुरू होते. रेडिओवर ती 'व्हिक्टर टँगो' अशी ऐकू येते.

सामान्यज्ञानाच्या तासाला मुले ही यादी हौसेने पाठ करतात. पण पाठांतरापलीकडे तिच्यात शिकण्याजोगे काय आहे आणि ती कुठे कमी पडते, याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. ते या लेखात पाहू. मग त्याच कसोटीवर आपली बालवर्गातील अंकलिपीही घासून पाहू.

तारेवर काय हरवते?

बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही आठ इंग्रजी अक्षरे उच्चारून पाहा. सर्वांचा शेवट 'ई' या एकाच स्वराने होतो. स्वर जोरकस व लांब, तर आधीचे व्यंजन क्षीण आणि क्षणभराचे. अक्षराची ओळख मात्र त्या क्षणभराच्या व्यंजनावरच अवलंबून असते. एफ आणि एस, एम आणि एन या जोड्यांत स्वर पुढे आणि व्यंजन मागे, एवढाच फरक.

जुन्या पद्धतीचा टेलिफोन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच वारंवारतांचे ध्वनी पोचवतो. 'स'च्या उच्चारातील सळसळीची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. ती कापली गेली की 'एस' आणि 'एफ' जवळजवळ सारखेच ऐकू येतात. ४जी सेवेवरील संभाषणात, दोन्ही टोकांना सोय असल्यास, ही मर्यादा सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत जाते. त्यामुळे ही अडचण कमी होते, पण नाहीशी होत नाही. रस्त्यावरचा गोंगाट असतोच, शिवाय वयोमानानुसार उंच वारंवारता ऐकण्याची क्षमता आधी कमी होते.

टेलिफोन आणखी एक गोष्ट हिरावून घेतो, ती म्हणजे बोलणाऱ्याचे ओठ. 'म' म्हणताना ओठ मिटतात, 'न' म्हणताना मिटत नाहीत. समोरासमोर बोलताना हा फरक आपण नकळत डोळ्यांनी टिपत असतो.

गोंगाटात नेमके काय टिकते हे मिलर आणि नायसली या अमेरिकी संशोधकांनी १९५५ मध्ये मोजले. इंग्रजीतील १६ व्यंजने त्यांनी श्रोत्यांना वेगवेगळ्या तीव्रतेच्या गोंगाटात ऐकवली आणि कोणत्या व्यंजनाऐवजी कोणते लिहिले गेले याचे तक्ते केले. घोष-अघोष हा भेद (ब की प) आणि अनुनासिकत्व (म की ब) हे गुण, गोंगाट बोलण्यापेक्षा १२ डेसिबेलने अधिक असतानाही ओळखता येत होते. उच्चारस्थान मात्र (प, त की क) बोलणे गोंगाटापेक्षा सुमारे ६ डेसिबेलने वरचढ असल्याखेरीज नीट कळत नव्हते. हा फरक १८ डेसिबेलचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबात सुमारे ६३ पट. उच्चारस्थान हा सर्वांत नाजूक गुण आहे, हे पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

तपासून केलेली यादी

अक्षराऐवजी शब्द वापरण्याची युक्ती जुनी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश संदेशक ए साठी 'अ‍ॅक', एम साठी 'एमा' आणि पी साठी 'पिप' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची यादी 'एबल, बेकर' अशी सुरू होई. पण हे शब्द इंग्रजी भाषकांच्या सोयीचे होते. युद्धानंतर निरनिराळ्या देशांची विमाने एकाच आकाशात उडू लागली, तेव्हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नवी यादी करण्याचे काम हाती घेतले. माँट्रियल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ झाँ-पोल व्हिने यांचा त्यात मोठा वाटा होता. शब्द इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या तिन्ही भाषांत वापरात असावा, रेडिओवर स्पष्ट ऐकू यावा, त्याचे पहिले अक्षर तेच असावे आणि त्याला काही वावगा अर्थ नसावा, अशा अटी होत्या.

१९५१ मध्ये यादी स्वीकारली गेली आणि लवकरच तक्रारीही आल्या. डी साठी 'डेल्टा' आणि एक्स साठी 'एक्स्ट्रा' यांची गल्लत होई. एन साठी 'नेक्टर' आणि व्ही साठी 'व्हिक्टर' यांचीही. काहीजण तर कंटाळून जुन्या यादीकडे परतले. मग ३१ राष्ट्रांच्या भाषकांवर चाचण्या झाल्या. अखेर सी, एम, एन, यू आणि एक्स एवढ्या पाच अक्षरांचे शब्द बदलून १ मार्च १९५६ पासून आजची यादी लागू झाली.

या चाचण्यांतील एक निष्कर्ष फार बोलका आहे. एफ साठी 'फुटबॉल' हा शब्द सुटा ऐकला तर 'फॉक्सट्रॉट'पेक्षा अधिक चांगला ओळखला जाई. पण दीर्घ संदेशात, इतर शब्दांच्या सोबतीत, 'फॉक्सट्रॉट' सरस ठरला. म्हणून तोच ठेवला. याचा अर्थ असा, की शब्द चांगला की वाईट हे एकट्याने ठरत नाही. यादीतील इतर शब्दांपासून तो किती दूर आहे यावर ते ठरते. शिवाय यादी बंद आहे. ऐकणाऱ्याला सव्वीसच शक्यता ठाऊक असतात, त्यामुळे 'नो...बर' एवढे कानी पडले तरी 'नोव्हेंबर' हे कळते. श्रोत्याला आधीपासून माहीत असलेली यादी जितकी लहान, तितके तेवढ्याच गोंगाटात शब्द अधिक बरोबर ओळखले जातात, हेही १९५१ मध्येच प्रयोगाने दाखवले गेले होते.

बारीकसारीक गोष्टींतही काळजी दिसते. 'आल्फा' हा शब्द इंग्रजी रिवाजाप्रमाणे पी-एच घालून न लिहिता एफ घालून लिहितात, कारण पी-एचचा उच्चार 'फ' होतो हे सर्वच भाषकांना ठाऊक नसते. 'ज्यूलिएट'च्या शेवटी दोन टी आहेत, कारण एकच टी असता तर फ्रेंच माणसाने तो उच्चारला नसता. 'चार्ली'चा उच्चार 'शार्ली' असा केलेलाही चालतो.

यादीचे दोष

आता दोष. पहिला दोष नावाचा. हिला 'फोनेटिक अल्फाबेट' म्हणतात, पण उच्चार लिहून दाखवण्याची जी ध्वनिलिपी भाषाशास्त्रज्ञ वापरतात तिच्याशी हिचा संबंध नाही. ही उच्चारांची नव्हे, अक्षरांची नावे आहेत. विद्यार्थ्यांना हा फरक सांगायला हवा.

दुसरा दोष, तीन युरोपीय भाषांची कसोटी जगाला पुरेशी मानली गेली. एल साठी 'लिमा' घ्या. मलय व इंडोनेशियन भाषांत 'लिमा' म्हणजे पाच! अक्षरे आणि आकडे मिसळून सांगताना हा शब्द तिथे घोळच घालणार. क्यू साठीचा 'केबेक' आणि के साठीचा 'किलो' हे दोन्ही कानाला 'क'नेच सुरू होतात. यादी पाठ नसलेला माणूस केबेक ऐकून के लिहील. आपल्या उच्चारात व्ही आणि डब्ल्यू यांचे ध्वनी बहुधा एकच होतात, पण 'व्हिक्टर' आणि 'व्हिस्की' हे शब्द पुढे इतके वेगळे आहेत की तिथे अडत नाही. ही जमेची बाजू.

सर्वांत मोठी मर्यादा अशी, की ही यादी रोमन लिपीची आहे. 'पाटणे' आणि 'पाटने' हा फरक ती सांगूच शकत नाही.

आपली अंकलिपी

इंग्रजी बालपुस्तकातील बॅट, कॅट, रॅट, मॅट हे शब्द फोनवर वापरले तर काय होईल? त्यांत पहिले व्यंजन सोडून सगळे सारखे, म्हणजे नेमके जे हरवते त्यावरच सारी भिस्त. चित्रासाठी आणि वाचनासाठी हे शब्द उत्तम, ऐकण्यासाठी निरुपयोगी.

मराठी अंकलिपीची स्थिती पुष्कळ बरी आहे. बदकाचा ब आणि भटजीचा भ, पतंगाचा प आणि फणसाचा फ, तलवारीचा त आणि थव्याचा थ, या जोड्यांत पुढची अक्षरे निराळी आहेत. एका ठिकाणी मात्र अंकलिपी साफ घसरते. ण आणि ळ या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून आपण शिकवतो 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा'. 'बाणाचा' आणि 'बाळाचा' हे शब्द शेजारी ठेवून पाहा. जे अक्षर सांगायचे तेवढेच वेगळे, बाकी सर्व एकच! त्यांच्या जागी 'रामायणातला ण' आणि 'नारळातला ळ' म्हटले तर निदान गल्लत होणार नाही. अक्षर शब्दाच्या आत आले म्हणून बिघडत नाही. उलट मूर्धन्य व्यंजनाची खूण त्याच्या आधीच्या स्वराच्या शेवटाला उमटते, त्यामुळे स्वरानंतर ते अधिक चांगले ओळखता येते.

आपल्या वर्णमालेपुढची अडचण मुळातच मोठी आहे. त-ट, द-ड, न-ण, ल-ळ हे सारे भेद उच्चारस्थानाचे, म्हणजे सर्वांत नाजूक गुणाचे. ख, घ, भ असे आपले महाप्राण तर मिलर-नायसली यांच्या प्रयोगात नव्हतेच. तेव्हा तिथले आकडे मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याला आपले प्रयोग करावे लागतील.

श आणि ष यांची गोष्ट निराळी. आजच्या मराठी बोलण्यात त्यांचा उच्चार बहुधा सारखाच असतो, त्यामुळे कान कितीही तीक्ष्ण असला तरी उपयोग नाही. लोकांनी यावर तोड काढली आहे : 'पोटफोड्या ष'. इथे ध्वनी सोडून आकाराची खूण सांगितली आहे. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी म्हणतो तेव्हाही आपण हेच करत असतो.

आकड्यांकडे तर आपण लक्षच देत नाही. रेडिओवर इंग्रजी 'नाइन'ला 'नाइनर' आणि 'फाइव्ह'ला 'फाइफ' म्हणतात, कारण दोघांतला स्वर एकच आहे. मराठीत सात आणि साठ यांत फरक केवळ शेवटच्या व्यंजनाचा आहे. सदुसष्ट आणि अडुसष्ट यांत सुरुवातीचा. औषधाचे थेंब फोनवरून सांगताना 'सात'चे 'साठ' झाले तर? अशा वेळी 'सहा, शून्य' असे सुटे अंक सांगावेत आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यावेत. ही शिस्त शाळेतच लागायला हवी.

श्रुतलेखनाच्या वहीत

हे सारे आपल्या वर्गाशी थेट जोडलेले आहे. मागच्या बाकावरच्या मुलाला टेलिफोनसारखीच स्थिती असते : आवाज क्षीण, भोवती गोंगाट, आणि गुरुजी फळ्याकडे तोंड करून सांगत असतील तर ओठही दिसत नाहीत. श्रुतलेखनात तो 'भ'चा 'ब' लिहितो आणि आपण लाल रेघ ओढतो. पण ती चूक शुद्धलेखनाची की कानाची? 'ण'चा 'न' झाला तर घरच्या बोलीत 'पाणी'ला 'पानी' म्हणत असतील, हे तिसरे कारणही असू शकते. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

एक सोपा प्रयोग करता येईल. आबा, आभा, आपा, आफा, आता, आथा, आटा, आठा, आना, आणा, आला, आळा असे बारा उच्चार चिठ्ठ्यांवर लिहा. एका मुलाने पाठमोरे उभे राहून चिठ्ठ्या वाचाव्यात, दुसऱ्याने पत्र्याच्या डब्यात तांदूळ घालून हलवत राहावे, बाकीच्यांनी ऐकू येईल ते लिहावे. प्रत्येक चिठ्ठी दहा वेळा यावी. मग तक्ता करा : आडव्या ओळीत बोललेले, उभ्या रकान्यात लिहिलेले. कर्णावरच्या चौकटींत बरोबर उत्तरे पडतील. कर्णाबाहेर जिथे आकडे साचतील त्या जोड्या गल्लतीच्या. हाच प्रयोग शांततेत आणि पुढच्या बाकावरून पुन्हा करा. तिथे ज्या चुका नाहीशा होतील त्या गोंगाटाच्या होत्या. शांततेत आणि जवळूनही एखाद्या मुलाच्या चुका इतरांपेक्षा बऱ्याच जास्त राहिल्या तर त्याला बोल न लावता पालकांना त्याचे कान तपासून घ्यायला सांगा.

पुढच्या टप्प्यात मुलांना त्याच बारा व्यंजनांसाठी बारा शब्द निवडू द्या आणि तसाच तक्ता पुन्हा करायला लावा. एखादा शब्द पडेल, मुले तो बदलतील, तेव्हा दुसराच कुठला तरी अडखळेल. १९५१ ते १९५६ या काळात मोठमोठ्या संस्थांनी जे केले तेच मुले लहान प्रमाणात करतील. आल्फा-ब्राव्होची तयार यादी पाठ करण्यापेक्षा ती अशीच का झाली हे त्यांना त्यातून कळेल. आणि श्रुतलेखनाच्या वहीत लाल रेघ ओढण्याआधी थोडे थांबावे, हे आपल्यालाही.