मागें राहिलेली मुलगी

फ्लोएला बेंजामिन यांचें ‘कमिंग टु इंग्लंड’ (१९९५) हें मुलांकरितां लिहिलेलें आत्मवृत्त होय. त्रिनिदादच्या शाळेंत इंग्लंडला मातृभूमि म्हणावयास शिकलेली ही दहा वर्षांची मुलगी १९६० सालीं आगबोटीनें साउथॅम्प्टनला उतरली. पुढें लंडनच्या शाळेंत तिच्या बोलण्याचीच हेटाळणी झाली. आणि तें बोलणें तर इंग्रजीच! आम्हांस मात्र आधींचीं पानें अधिक मोलाचीं वाटलीं. आईबाप पुढें गेल्यावर वर्षाहून अधिक काळ तिला परक्या घरीं मोलकरणीप्रमाणें राबावें लागलें. ती हकीकत बाई कोठेंही आक्रोश न करितां सांगतात. स्थलांतराच्या इतिहासांत अशा मागें राहिलेल्या मुलांची दाद क्वचितच लागते. उत्तरार्धांत जिद्दीचा विजय फार लवकर येतो. बालवाचकाला इतक्या घाईनें सांत्वन देण्याचें कारण नव्हतें.