मातीची भांडी : ‘स्मृतिचित्रे’ आणि सेवकाचे अपुरेपण

‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाविषयी मराठीत जेवढ्या जिव्हाळ्याने लिहिले गेले, तेवढे फार थोड्या आत्मचरित्रांविषयी लिहिले गेले असेल. लक्ष्मीबाई टिळकांची बोलकी भाषा, त्यांचा निर्मळ विनोद, एका तंटेखोर तरीही प्रेमळ संसाराचे त्यांनी रेखाटलेले चित्र, या साऱ्यांची वाखाणणी आपण सर्वांनीच केली आहे. वर्गात हे उतारे वाचताना मुले मनमुराद हसतात, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. तथापि या कौतुकात एक महत्त्वाची गोष्ट हातून निसटते. ही बाई ख्रिस्ती होती, ही बाब रसिक वाचक चरित्रातील एक तपशील म्हणून नोंदवतो आणि पुढे जातो. उलट श्रद्धाळू ख्रिस्ती वाचक रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांपुढे हात जोडतो, पण त्यांच्याच पत्नीने सांगितलेल्या त्यांच्या तापटपणाच्या गोष्टींपाशी किंचित संकोचतो. एकाला विनोद हवा, श्रद्धा नको. दुसऱ्याला श्रद्धा हवी, विनोद नको. आमच्या मते या ग्रंथात ही दोन्ही एकाच मुळातून फुटलेली आहेत. सामान्य, सदोष माणूस देवाच्या कामी कसा येतो, या प्रश्नाचे मराठीतील एक अत्यंत प्रामाणिक उत्तर म्हणून ‘स्मृतिचित्रे’ वाचली पाहिजेत.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्मात नवा नाही. चारही शुभवर्तमानांत पेत्राने आपल्या गुरूला ओळखण्याचे तीनदा नाकारल्याची हकीकत आहे. ज्या शिष्याला पुढे मंडळीचा आधारस्तंभ मानले गेले, त्याची भीरुता झाकून ठेवावी असे त्या लेखकांपैकी एकालाही वाटले नाही. मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि त्याच्याच तोंडून ऐकलेले त्याने लिहून ठेवले, अशी एक प्राचीन परंपरा आहे. ती खरी मानली तर पेत्राची नामुष्की जगाला पेत्रानेच सांगितली असे होते. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्यासारख्यांना मातीच्या भांड्यांची उपमा दिली आहे. आतले धन देवाचे, भांडे मात्र साधे आणि ठिसूळ; त्यामुळे थोरवी भांड्याची नव्हे हे पाहणाऱ्यास कळते, असा तिचा आशय.

मराठी वाचकाला येथे गोरोबाकाकांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. थापटणे घेऊन त्यांनी संतमंडळींची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु ज्या नामदेवांचे मडके कच्चे ठरले, त्यांच्याशीच पांडुरंग त्याआधीपासून हसतबोलत होता, हेही त्याच परंपरेने सांगितले आहे. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांना आणि लक्ष्मीबाईंना कच्च्या मडक्याची ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नव्हते.

अशा पार्श्वभूमीवर या ग्रंथाचे मूळ ध्यानात घ्यावे. टिळकांचे निधन १९१९ साली झाले. त्यांचे चरित्र सिद्ध व्हावे म्हणून पुत्र देवदत्त यांनी आईला आठवणी लिहावयास सांगितले, आणि त्यांतून १९३४ पासून हे चार भाग वाचकांच्या हाती आले. म्हणजे मूळ हेतू एका भक्ताच्या चरित्राचा होता. महीपतीच्या वळणावर गेलेल्या लेखणीने अशा वेळी काय केले असते हे सांगावयास नको. लक्ष्मीबाईंच्या हाती ती लेखणी नव्हती. त्यांचे शिक्षण जेमतेम होते, आणि पोथीतल्या भक्ताचे साचे वापरण्यापेक्षा आपण काय पाहिले ते सांगणे त्यांना सोपे होते.

त्यांनी पाहिलेले टिळक कसे आहेत? हाती आलेला पैसा वाटेतच कोणाला तरी देऊन रिकाम्या हाताने घरी येणारे. क्षणात संतापणारे आणि क्षणात विरघळणारे. मनात आले की घर सोडून चालू लागणारे. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही वार्ता घरी पोहोचली तेव्हा पत्नीवर आकाश कोसळले. कथेतला सर्वांत मोठा धर्मप्रसंग हाच कथेतला सर्वांत मोठा आघात आहे. लेखिका त्यांपैकी एकाला दुसऱ्याच्या आड लपवीत नाही, हे या ग्रंथाचे पहिले बळ.

दुसरे बळ असे, की ती स्वतःलाही सूट देत नाही. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्याने तिचे वडील सोवळ्याओवळ्याच्या आहारी गेले. घरात येईल ते धुऊन घेण्यापर्यंत मजल गेलेल्या त्या घरात ती वाढली. पतीकडे परत आल्यावरही तिने आपले सोवळे सोडले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. जात कोणी निर्माण केली, देवाने की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःच्या मनाशी सोडवला, आणि मग एके दिवशी ती कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास सिद्ध झाली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. या परिवर्तनाचे वर्णन ती करते तेव्हा आवाज चढत नाही. आपला पूर्वीचा हट्ट ती ज्या मिस्किलपणे सांगते, त्याच मिस्किलपणे पतीचा संतापही सांगते. एकाच तागडीत दोघांना तोलण्याची ही वृत्ती म्हणजेच तिचा विनोद. ज्याला आपण क्षमेला पात्र आहोत आणि आपल्याला क्षमा मिळाली आहे असे मनापासून वाटते, तोच माणूस स्वतःला असा हसू शकतो.

आणि हीच माणसे सेवा करतात. बाळकवी ठोंबऱ्यांना घरच्यासारखा आसरा मिळतो तो याच ओढग्रस्त संसारात. प्लेगच्या दिवसांत, जिच्या माहेरी स्पर्शाची एवढी धास्ती होती, तीच बाई आजाऱ्यांच्या शुश्रूषेला उभी राहते. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते पुढे ज्या बाईला शाळेचे शिक्षण नव्हते तिने पुरे केले. यांतील कोणतेही काम ‘योग्य’ माणसाच्या वाट्याला आलेले नाही. टिळकांचा उधळेपणा आणि त्यांचे औदार्य एकाच हाताचे होते, हे ग्रंथ वाचताना पदोपदी जाणवते. तो हात बांधून ठेवला असता तर घरात पैसा राहिला असता, पण दारी आलेला कोणी आत आला नसता.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. सेवकाचे दोष असे हसून सांगितले की त्या दोषांची किंमत ज्याने मोजली त्याचे दुःख हलके होत नाही काय? टिळकांच्या औदार्याचा खर्च पुष्कळदा लक्ष्मीबाईंच्या चुलीवर पडला. धर्मांतराची शिक्षा समाजाने टिळकांबरोबर त्यांनाही दिली. ‘देवाच्या कामी माणूस आहे’ असे म्हटले की घरच्यांवरील अन्याय माफ, असा अर्थ कोणी काढला तर तो फार घातक ठरेल. परंतु ‘स्मृतिचित्रां’तून हा अर्थ निघत नाही. विरहाच्या काळातील हालांचे, मनाच्या विकलतेचे पान लेखिकेने गाळलेले नाही. प्रत्येक नावे रक्कम वहीत जशीच्या तशी आहे. तिने वही फाडली नाही, फक्त वसुली सोडून दिली. कोंबडा आरवल्यावर पेत्र रडला, हेही शुभवर्तमानकार लिहावयास विसरलेले नाहीत. दोष असूनही सेवा घडते. दोष म्हणजे सेवा नव्हे. हा भेद लक्ष्मीबाईंनी कोठे सूत्ररूपाने मांडलेला नाही, पण तो त्यांच्या कथनात आद्यंत पाळला गेला आहे.

म्हणूनच या ग्रंथाला केवळ विनोदी आत्मचरित्र म्हणणे अपुरे आहे आणि केवळ धर्मसाक्ष म्हणणेही अपुरे आहे. शांता गोखले यांनी २०१७ साली केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे तो आता मराठीबाहेरही नव्याने वाचला जातो. तेथील वाचक त्यात एका तेजस्वी पत्नीची कहाणी पाहील, आणि ते योग्यच आहे. मराठी वाचकावर मात्र अधिक जबाबदारी आहे. संतांच्या परिपूर्णतेच्या कथा ऐकत आपण वाढलो, आणि त्यामुळे देवाचे काम आपल्यासारख्यांचे नव्हे असे मानण्याची एक सोयीस्कर सवय आपल्याला जडली. लक्ष्मीबाईंनी ही पळवाट बंद केली आहे. मडके कच्चे असले तरी त्यातून तहानलेल्याला पाणी देता येते, एवढे त्या पाहिलेल्या पुराव्यानिशी सांगतात. असे भांडे कोणाच्याही घरात असते; म्हणून हा ग्रंथ वाचून झाल्यावर ज्याला आपल्या घराकडे पाहावेसे वाटले, त्याने तो नीट वाचला असे आम्ही समजू.