‘शेतकऱ्याचा असूड’ आणि वसईची विहीर

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ सालीं लिहून पूर्ण झाला. त्याची कीर्ति मुख्यत्वें त्यांतील संतापाची आहे. त्या संतापाची वाखाणणी वा निंदा करून बहुतेक टीकाकार स्वस्थ बसतात. आमच्या मतें ग्रंथाचें खरें सामर्थ्य त्याच्या पांचव्या प्रकरणांत आहे. पावसाचें पाणी मुरावें म्हणून ताली-बंधारे, पाणाड्यांकडून झऱ्यांचा शोध, धरणाच्या पाण्याची ज्याच्या त्याच्या शेतापुरती तोटी, पिकांचीं प्रदर्शनें व बक्षिसें, शेतकऱ्यांच्या मुलांस शेतकीचें शिक्षण: अशी यादी करणारा लेखक सुधारणेचा वैरी नव्हे. मात्र त्याच्या योजनेंत पाणी आधीं येतें आणि त्याच्या जोडीला विद्या येते. हाच ग्रंथाचा गाभा होय.

ही जोडी तुटली म्हणजे काय होतें, हें वसईकरांस सांगावयास नको. येथील केळीच्या व पानवेलींच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या बैलांच्या रहाटावर पिकल्या. रहाट मंद, झरा देईल तेवढेंच तो उपसी. पुढें एंजिनें व पंप आले, उपसा झऱ्यावर मात करूं लागला, आणि समुद्र जवळ असल्यामुळें किनाऱ्यालगतच्या विहिरी खारट होऊं लागल्या. त्यांत टँकरनें पाणी बाहेर जाऊं लागलें. १९८९ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभृतींनीं ‘हरित वसई’ची चळवळ चालविली, तिच्या मुळाशीं हेंही दुखणें होतें. पंप दोषी नव्हे. पंपाबरोबर पाण्याचा हिशेब कोणी शिकविला नाहीं, हा दोष.

ग्रंथांत उणीव नाहीं, असें मात्र नव्हे. कर्त्याच्या नजरेसमोर आहे तो जमीन कसणारा कुणबी, माळी, धनगर. ज्यास पोटापुरती जमीनच नाहीं, त्याचें काय? आज आमच्याच पालघर जिल्ह्यांत असलेल्या जव्हार तालुक्यांत, वावर-वांगणी येथें, १९९२-९३ सालीं आदिवासी बालकें कुपोषणानें दगावलीं. हरितक्रांतीस तेव्हां सुमारें पंचवीस वर्षें लोटलीं होतीं! धान्य अधिक पिकणें आणि तें प्रत्येकाच्या पानांत पडणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा दुसरीची दखल घेतो. ‘असूडा’चा भर पहिलीवर आहे.

तरीही शेतीसुधारणेवरील नवीं पुस्तकें वाचतांना हा जुना ग्रंथ आम्हांस शेजारीं हवा असतो. तीं बियाणें व यंत्रें यांचे गुण सांगतात. हा पुसतो, पाणी कोणाचें आणि विद्या कोणास? कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं निदान पांचवें प्रकरण तरी अवश्य वाचावें.