शब्द, चित्र आणि आजीचा आवाज

वसईतील एका शाळेत नववीच्या मुलामुलींनी तयार केलेल्या ध्वनिचित्रकथा पाहण्याचे निमंत्रण आले, तेव्हा आम्ही काहीसे नाखुशीनेच गेलो. निबंधाच्या वहीतून वर आलेल्या आमच्या पिढीला मोबाइलवरील करामतीला ‘रचना’ म्हणणे जड जाते. विषय होता ‘आमच्या वाडीतील पाणी’. प्रत्येक कथा तीन मिनिटांची. तीत छायाचित्रे, चलचित्रे, स्वतःचा आवाज, संगीत आणि पडद्यावरील अक्षरे. सोबत प्रत्येकाचे पानभर मनोगत : काय निवडले, काय वगळले, काय जमले नाही.

हा प्रकार तसा नवा नाही. कॅलिफोर्नियात जो लॅम्बर्ट आणि डेना अ‍ॅचली यांनी १९९०च्या दशकातच सामान्य माणसांना आपल्या आयुष्यातील गोष्ट संगणकावर चित्र व आवाज जोडून सांगण्यास शिकविले. पुढे १९९६ साली ‘न्यू लंडन ग्रुप’ या दहा अभ्यासकांच्या गटाने ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’मध्ये असे प्रतिपादन केले की, साक्षरता केवळ अक्षरांपुरती नसते, शब्द, दृश्य, ध्वनी, हावभाव आणि अवकाश या साऱ्यांतून माणूस अर्थ घडवितो. हे मान्य केले तरी समीक्षकाचा प्रश्न उरतोच : साधने अनेक झाली म्हणून अर्थ वाढतो काय?

सर्वाधिक टाळ्या मिळालेल्या कथेने आमची शंका बळकट केली. पडद्यावर पाण्याचा थेंब, निवेदनात पाण्याचे महत्त्व, खाली ठळक अक्षरांत तेच वाक्य आणि मागे कोठूनतरी आणलेली बासरी. एकाच बाजूने वल्ही मारली की होडी जागच्या जागी फिरते, तसे झाले. सफाई होती, यात शंका नाही.

मग एका मुलीची कथा लागली. बावखल म्हणजे काय, हे वसईकरांस सांगावयास नको. गोड्या पाण्याच्या या तळ्यांवर रहाट चालत आणि केळीच्या व पानवेलींच्या वाड्या भिजत. पुढे कितीतरी बावखले बुजविली गेली. या मुलीच्या घरचे बावखलही बुजले असून तेथे आज इमारतीचा वाहनतळ आहे. तीन मिनिटे आपण फक्त तो वाहनतळ पाहतो : उभ्या स्कूटरी, फरशीवर वाळत घातलेली चादर, पहारेकऱ्याची खुर्ची. आणि ऐकू येतो आजीचा आवाज. रहाट कोणत्या अंगाला होता, बैल कोठे वळत, पाट कोणीकडे जाई, हे ती कादोडीत सांगते आहे. कॅमेरा तिच्या शब्दांमागे हळूहळू फिरतो. पाण्याचा एक थेंबही न दाखविता पाणी दिसू लागते. येथे चित्र जे नाकारते तेच शब्द पुरवितो. दोन्ही एकमेकांवाचून अपुरे आहेत. आम्ही ज्याला रचना म्हणतो ती हीच.

तिचे मनोगत त्याहून मोलाचे. आरंभी तिने इंटरनेटवरून रहाटाचे चित्र व आवाज घेऊन जोडले होते. आजीने ऐकून सांगितले, हा आपला रहाट नव्हे. म्हणून दोन्ही काढून टाकले. घरात लग्नांचे फोटो ढीगभर आहेत, बावखलाचा एकही नाही, कारण त्याचा फोटो काढावा असे तेव्हा कोणालाच वाटले नाही, असे ती लिहिते. चौदा वर्षांच्या मुलीचे हे निरीक्षण आम्हांला अंतर्मुख करून गेले.

दोष दाखविणे मात्र आमचे काम आहे. पडद्याखालील मराठी अनुवाद गुळगुळीत आहे. रहाटाच्या एकेका भागाची आजी जी नावे घेते, ती सारी ‘चाक’ या एका शब्दात विरघळली आहेत. शुद्ध भाषा हवी अशी शाळेची सूचना होती, असे मनोगतावरून कळते. अशा सूचनेने रचना दुबळी होते, हे शिक्षकवर्गाने लक्षात घ्यावे.

टँकरच्या रांगेवर एका मुलाने केलेली कथा वाऱ्याच्या आवाजात जवळजवळ ऐकूच आली नाही. पण त्याने लिहिले आहे : घरी बसून निवेदन पुन्हा केले तेव्हा शब्द स्पष्ट झाले, परंतु रांग नाहीशी झाली, म्हणून पहिलेच ठेवले. निर्णय चुकला असेल. विचार चुकलेला नाही.

बाकी बहुतेक मनोगते मात्र एकाच साच्यातील. ‘या उपक्रमातून खूप शिकायला मिळाले’ हे वाक्य आम्ही सात वेळा वाचले. छापील प्रश्नावली आणि त्यावर गुण, मग दुसरे काय होणार? गुणांसाठी लिहिलेल्या आत्मपरीक्षणात कोणी आपली चूक कशाला सांगेल? मनोगत अखेरीस न घेता काम अर्धे झाले असताना घ्यावे आणि पहिला खर्डा अंतिम रचनेशेजारी ठेवावा, असे आम्ही शिक्षकांना सुचविले. त्यांनाही ते पटले.

निघताना आम्ही त्या मुलीकडे तिची पहिली आवृत्ती, ती परक्या रहाटाची, पाहावयास मागितली. तिने ती केव्हाच पुसून टाकली होती. आईच्या मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती.