पुराव्यांची यादी आणि पुराव्याची रीत

‘बालभारती’च्या इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ या २०१८ च्या पाठ्यपुस्तकात पहिलेच प्रकरण आनुवंशिकता व उत्क्रांती यांना दिलेले आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासभार कमी करताना आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी २०२३ मध्ये त्याविरुद्ध जाहीर निवेदन काढले. विषय बारावीच्या जीवशास्त्रात राहिला. पण दहावीनंतर कला-वाणिज्याकडे वळणाऱ्या मुलांना तो भेटत नाही. ‘बालभारती’ने तो राखला, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

मांडणीबद्दल मात्र तक्रार आहे. शरीरशास्त्रीय पुरावे, अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे, भ्रूणविज्ञान अशी यादी येते आणि विद्यार्थी ती पाच गुणांसाठी पाठ करतो. पुरावा हा नावांत नसून अनुमानात असतो, हे निसटते. देवमासा हा सस्तन प्राणी; मग त्याचे पूर्वज जमिनीवर चालणारे असावेत, अशी अपेक्षा आधी बांधावी. नंतर राजौरी जिल्ह्यातील कालाकोटचा ‘इंडोहायस’ दाखवावा : सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा प्राणी, पण कानाचे हाड देवमाशासारखे जाड. पुढे कच्छमधील पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म. अपेक्षा खरी ठरली, हे मुलाला स्वतः उमगते. कार्बन पद्धतीविषयीही स्पष्टता हवी. ती सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच उपयोगी पडते. कोट्यवधी वर्षांचे वय इतर किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून व खडकांच्या थरांवरून ठरते.

भाषेचाही एक अडसर आहे. ‘उत्क्रांती’तील ‘उत्’ म्हणजे वर. उर्दूतील ‘इर्तिका’ हा शब्द ‘तरक्की’च्याच धातूचा, अर्थ चढणे. दोन्ही माध्यमांतील मुलाच्या मनात त्यामुळे शिडी उभी राहते आणि ‘मग आजची माकडे माणूस का होत नाहीत?’ हा प्रश्न येतो. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात वंशपरंपरेने होणाऱ्या बदलाची गोष्ट सांगितली. तिचे चित्र फांद्या फुटणाऱ्या झाडाचे आहे. माकड आणि माणूस या दोन फांद्या आहेत, दोन पायऱ्या नव्हेत.

शब्द बदलणे आता शक्य नाही. पहिल्या तासाला फळ्यावर शिडीऐवजी झाड काढणे मात्र प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवण्यापेक्षा ते अधिक उपयोगी ठरेल.